पडद्यामागचा न्यूटन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कॅरम आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेला असतो. चाळीच्या गॅलरीत, गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत, नाहीतर मे महिन्याच्या सुटीत मामाच्या घरी. मधोमध राणी, तिच्याभोवती नऊ पांढऱ्या आणि नऊ काळ्या सोंगट्या. पावडर टाकायची, पहिला स्ट्रायकर मारायचा आणि कोण कुठे जातंय ते पाहत राहायचं. त्यात आपल्याला काही नवल वाटत नाही. लाकूड लाकडावर आपटलं, सोंगट्या पांगल्या, झालं! आता हाच खेळ मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. तिथे लाकूड नाही, पावडर नाही, कशाला वजन म्हणून नाही. तरी स्ट्रायकर सोडला की सोंगट्या अगदी तशाच पांगतात, कडेला आपटून परत येतात, हळूहळू थांबतात. हे 'अगदी तशाच' कोण घडवून आणतं, त्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

मी बरीच वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. मुलं न्यूटनचे तीन नियम पाठ करत, परीक्षेत उतरवत आणि निकाल लागला की विसरून जात. त्यातलीच काही मुलं आज कॉम्प्युटर गेम तयार करणाऱ्या कंपन्यांत आहेत आणि रोज सकाळी तेच तीन नियम समोर घेऊन बसतात. त्यांच्या कामाबद्दल त्यांच्याशी गप्पा मारताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली, ती आधीच सांगून टाकतो. गेममधलं उत्तर एकवेळ थोडं चुकलेलं चालतं, पण उशिरा आलेलं चालत नाही. पडद्यावरचं चित्र साधारणपणे सेकंदाला साठ वेळा बदलतं. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत संगणकाच्या हाती सेकंदाचा साठावा भाग, सोळा-सतरा मिलिसेकंद एवढाच वेळ असतो. त्यातही चित्र रंगवायचं, आवाज काढायचा, खेळणाऱ्याचं बोट कुठे आहे ते पाहायचं. या सगळ्यातून उरलेल्या चार-दोन मिलिसेकंदांत न्यूटनसाहेबांना आपलं म्हणणं मांडावं लागतं. मग ते थोडं आवरतं घेतात, आणि मला सगळी गंमत या आवरतं घेण्यात दिसते.

याची सुरुवात वाटते त्यापेक्षा जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथे विल्यम हिगिनबॉथम नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. पहिल्या अणुबॉम्बच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं आणि पुढे आयुष्यभर अण्वस्त्रांचा प्रसार थांबावा म्हणून ते झटले. १९५८ साली प्रयोगशाळा लोकांना पाहण्यासाठी खुली होणार होती. नुसती यंत्रं आणि तक्ते पाहून लोक कंटाळतात, हे त्यांना ठाऊक होतं. प्रयोगशाळेत एक ॲनालॉग संगणक होता. तोफगोळा कसा जाईल, चेंडू कसा उसळेल याचे आलेख त्यावर कसे काढायचे, हे त्याच्या माहितीपुस्तकात दिलेलं होतं. हिगिनबॉथम यांनी तो संगणक ऑसिलोस्कोपच्या छोट्याशा गोल पडद्याला जोडला. खाली एक आडवी रेघ म्हणजे टेनिसचं मैदान, मध्ये एक उभी रेघ म्हणजे जाळी आणि एक तेजस्वी ठिपका म्हणजे चेंडू. ठिपका वर जायचा, वळायचा, खाली यायचा, टप्पा घ्यायचा. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी पडदा मोठा झाला आणि चंद्रावर किंवा गुरूवर टेनिस खेळलं तर चेंडू कसा जाईल, हेही पाहता येऊ लागलं. लक्षात घ्या, चेंडूची ती कमान कुणी चित्रकाराने काढून ठेवलेली नव्हती. गुरुत्वाकर्षणाचा आकडा बदलला की कमान आपोआप बदलत होती.

पण गेमचा धंदा वाढला तो वेगळ्या वाटेने. १९७२ साली आलेल्या 'पाँग'मधला चेंडू सरळ रेषेत जायचा, त्याला गुरुत्वाकर्षण माहीत नव्हतं. पुढची पंचवीसेक वर्षं बहुतेक गेमांत वस्तू म्हणजे नाटकाच्या मागचा पडदा. खोकं जमिनीला चिकटलेलं, टेबलावरचा पेला टेबलाचाच भाग. गोळी लागलेला माणूस दर वेळी ठरल्याप्रमाणे, ठरलेल्या बाजूलाच पडायचा. मग तिथे भिंत असो की जिना. माझ्या एका विद्यार्थ्याचा शब्द सांगतो, "सर, ते मरायचे नाहीत, ते मरण्याचा नाच करायचे."

आता 'फिजिक्स इंजिन' म्हणतात ते काय, हे पाहू. घरच्या लग्नाचा स्वयंपाक पूर्वी घरच्याच बायका रांधत, आता आचारी बोलावतात. तसंच गेम बनवणारी कंपनी हल्ली गतीचं गणित स्वतः मांडत बसत नाही. ते करणारं तयार सॉफ्टवेअर विकत घेते किंवा फुकट मिळणारं वापरते. कंपनीने फक्त सांगायचं, की इथे एक सोंगटी आहे, तिचं वजन पाच ग्रॅम, व्यास तीन सेंटिमीटरच्या थोडा वर, घर्षण एवढं, उसळी एवढी. स्ट्रायकर पंधरा ग्रॅमचा. इंजिनाच्या लेखी सोंगटी म्हणजे एवढेच चार आकडे. काळी की पांढरी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मग दर क्षणी ती सोंगटी कुठे आहे, कुठल्या दिशेने चालली आहे, किती गिरकी घेते आहे, हे ते सांगत राहतं.

अडचण पहिल्याच पावलाला येते. काळ आपल्यासाठी वाहत असतो. संगणकाला तो वाहताना दिसत नाही, त्याला ढांगा टाकत जावं लागतं. समजा, पंधरा मजली इमारतीच्या गच्चीवरून चेंडू सोडला. हिशेबाला सोपं म्हणून त्याचा वेग दर सेकंदाला १० मीटरने वाढतो असं धरू. तीन सेकंदांत तो ४५ मीटर खाली जाईल, असं शाळेतलं सूत्र सांगतं. आता संगणकाला म्हटलं, एकेका सेकंदाची ढांग टाक. पहिल्या सेकंदाच्या सुरुवातीला वेग शून्य, म्हणून त्या सेकंदात चेंडू हललाच नाही असं तो धरतो. दुसऱ्या सेकंदाच्या सुरुवातीला वेग १०, म्हणून १० मीटर. तिसऱ्यात २०. बेरीज ३० मीटर. पंधरा मीटर कुठे गेले? ढांगेखाली सांडले. ढांग लहान करून सेकंदाचा साठावा भाग केली, तर उत्तर ४४.७५ मीटर येतं. पाव मीटरची चूक राहिली, पण गच्चीवरून पडणाऱ्या चेंडूतला पाव मीटर कुणाच्या डोळ्याला दिसणार?

खरा घोळ होतो तो झोपाळ्याच्या बाबतीत. पडणारा चेंडू एकदाच पडतो, झोपाळा पुन्हा पुन्हा येत राहतो, आणि प्रत्येक हेलकाव्यात ती बारीक चूक थोडी थोडी ऊर्जा आत घालत राहते. कुणी झोका न देता झोपाळा उंच उंच जायला लागतो आणि शेवटी आढ्याला भिडतो! पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला घाम फुटावा असंच दृश्य. यावरचा उपाय ऐकला तेव्हा मला इतका आनंद झाला, की तो मी वर्गात दोन-तीन वर्षं सांगत होतो. आधी जुन्या वेगाने वस्तू पुढे सरकवायची आणि मग वेग बदलायचा, असा मूळ क्रम असतो. तो उलटा करायचा. आधी वेग बदलायचा, मग त्या नव्या वेगाने वस्तू सरकवायची. बस्स. प्रोग्रामच्या दोन ओळींची अदलाबदल केली, की झोपाळा शहाण्यासारखा वागतो. आता याच पद्धतीने आपला एकेका सेकंदाच्या ढांगेचा चेंडू मोजून पाहा. ३०च्या जागी ६० मीटर येतात. म्हणजे चूक तेवढीच, पंधरा मीटरचीच, फक्त दुसऱ्या बाजूला. पण ही चूक साठत जात नाही. गेमवाल्यांना अशी चूक चालते. हिशेबात दर महिन्याला पाच रुपये इकडेतिकडे होणारा दुकानदार एकवेळ परवडला. दर महिन्याला पाच रुपये चढत्या क्रमाने वाढवणारा परवडत नाही.

ढांगांचा दुसरा त्रास क्रिकेट पाहणाऱ्यांना लगेच कळेल. ताशी १४४ किलोमीटर वेगाने येणारा चेंडू सेकंदाला ४० मीटर कापतो. सेकंदाच्या साठाव्या भागात ६७ सेंटिमीटर. बॅटची जाडी जास्तीत जास्त पावणेसात सेंटिमीटरच्या आत, आणि स्टंप तर चार सेंटिमीटरही जाड नसतो. म्हणजे एका चित्रात चेंडू बॅटच्या अलीकडे, पुढच्या चित्रात पलीकडे. मधे तो कुठेच नव्हता! संगणकाने दोन्ही वेळा तपासलं, चेंडू बॅटला लागलेला नाही. फलंदाज बाद नाही, धाव नाही, चेंडू भुतासारखा बॅटमधून पार. या प्रकाराला प्रोग्रामर मंडळी 'टनेलिंग' म्हणतात. पुंज भौतिकीतही याच नावाचा एक आविष्कार आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. उपाय असा, की चेंडूची मागची जागा आणि पुढची जागा यांच्यामध्ये एक नळी आहे असं समजायचं आणि ती नळी बॅटला कुठे छेदते ते पाहायचं. पण हे काम खर्चिक. म्हणून ते फक्त वेगवान वस्तूंसाठी करतात. बाकीच्यांच्या बाबतीत, मधल्या काळात काही घडलं नसावं, असा विश्वास ठेवतात.

कोण कुणाला लागलं हे शोधणं, हाच मुळात मोठा व्याप आहे. कॅरमवर वीस चकत्या आहेत. प्रत्येकीची प्रत्येकीशी जोडी लावली तर १९० जोड्या होतात. एखाद्या गेममध्ये भिंत कोसळून हजार विटा पसरल्या, तर जोड्या होतात ४,९९,५००. सोळा मिलिसेकंदांत एवढ्या जोड्या कुठे तपासत बसणार? इथे वाड्यातल्या भांडणांचा नियम कामाला येतो. माणसाचं भांडण होतं ते शेजारच्याशी; चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्याशी सहसा होत नाही. तेव्हा प्रत्येक वस्तूभोवती एक कल्पित चौकट आखायची आणि ज्यांच्या चौकटी एकमेकींवर चढतात, तेवढ्याच जोड्यांची बारकाईने चौकशी करायची.

या बारकाईच्या चौकशीत आपल्याकडच्या एका माणसाचा हात आहे, ते मला मुद्दाम सांगायचं आहे. दोन वेड्यावाकड्या घन वस्तूंमधलं कमीत कमी अंतर झटपट कसं काढायचं, याची एक पद्धत १९८८ साली गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती या तिघांनी प्रसिद्ध केली. यंत्रमानवाचा हात आजूबाजूच्या वस्तूंवर आपटू नये, हा त्यांचा हेतू होता; गेमचा विचार त्यात नव्हता. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती 'जीजेके' म्हणून ओळखली जाते आणि आजही अनेक फिजिक्स इंजिनांत तीच वापरतात. यातले सत्या कीर्ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बरीच वर्षं शिकवत होते. गल्लीतल्या पोराच्या मोबाइलवर दोन गाड्या एकमेकींना घासतात, तेव्हा बहुधा हे सूत्र आत कुठेतरी फिरत असतं.

आता पुन्हा कॅरमचा पहिला फटका घेऊ. तो संगणकाला सगळ्यात जड जातो. एक सोंगटी एका सोंगटीला लागली, तर गणित सरळ आहे. पण इथे एकोणीस चकत्या एकमेकींना चिकटून बसल्या आहेत. पहिलीने दुसरीला ढकललं, तिने तिसरीला, तिसरीने परत पहिलीला. आणि सगळं एकाच क्षणी. खऱ्या बोर्डावर लाकूड किंचित दबतं आणि ते दबणं एकीतून दुसरीत पोचायला अगदी सूक्ष्म का होईना, वेळ लागतो. त्यातून निसर्ग आपला निवाडा करतो. इंजिनाने मात्र सोंगट्या तसूभरही न दबणाऱ्या मानलेल्या असतात. मग ते काय करतं? सुंभाची बाज ज्यांनी ताणलेली पाहिली आहे, त्यांना हे पटकन समजेल. एक पदर ओढला की शेजारचा सैल पडतो. तो ओढला की पहिला बिघडतो. म्हणून कारागीर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो आणि दर फेरीत बिघाड कमी कमी होत जातो. इंजिनही एकेक स्पर्श सोडवत जातं. दुसरा सोडवताना पहिला थोडा बिघडतो, मग परत पहिल्यापासून. गाउस आणि झायडेल या एकोणिसाव्या शतकातल्या दोन जर्मन गणितज्ञांच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती आहे. 'बॉक्स-टू-डी' नावाच्या इंजिनाच्या माहितीपत्रकात, वेगासाठी अशा आठ फेऱ्या मारा, अशी सूचना बरीच वर्षं होती. आठ फेऱ्यांनंतर उत्तर पूर्ण बरोबर असेल असं नाही. वेळ संपली, एवढंच.

याचा एक परिणाम मोठा मजेशीर आहे. सोंगट्यांचे स्पर्श कोणत्या क्रमाने सोडवले, यावर त्या कुठे जातील हे थोडंसं अवलंबून राहतं. पुण्यात बसलेला एक आणि नागपुरात बसलेला दुसरा एकच डाव आपापल्या फोनवर खेळत असतील आणि दोन्ही फोनांनी स्वतंत्रपणे हिशेब केला, तर एकाच्या फोनवर राणी भोकात आणि दुसऱ्याच्या फोनवर भोकाच्या काठावर, असंही होऊ शकतं. म्हणून असे खेळ बनवणारे एकतर सगळा हिशेब एकाच मध्यवर्ती संगणकावर करतात, नाहीतर दोन्हीकडच्या बेरजा-गुणाकारांचा क्रमसुद्धा एकसारखा राहील, याची डोळ्यांत तेल घालून काळजी घेतात.

आणि सोंगट्या थांबल्यानंतर? त्या खरोखर थांबत नाहीत. बारीकसारीक चुकांमुळे जागच्या जागी थरथरत राहतात. एकावर एक रचलेली खोकी तर थरथरत थरथरत हळूच घसरायला लागतात. यावरचा इलाज मला फार आवडतो. एखादी वस्तू थोडा वेळ पुरेशी शांत दिसली, की इंजिन तिला झोपवतं. प्रोग्रामर मंडळींचा शब्दही 'स्लीप' हाच आहे. झोपलेल्या वस्तूचा हिशेब करायचा नाही. कुणी येऊन धडकलं तरच तिला जागं करायचं. पाळण्यातल्या पोराचं आणि पडद्यावरच्या खोक्याचं तंत्र एकच.

हे सगळं एकत्र करून दाखवण्याची हाव ज्यांनी लवकर धरली, त्यांना ती महागात पडली. 'जुरासिक पार्क' या चित्रपटावरून १९९८ साली 'ट्रेसपासर' नावाचा गेम निघाला. त्यामागचे प्रमुख सीमस ब्लॅकली हे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. गेममधली जवळजवळ प्रत्येक वस्तू उचलता यावी, फेकता यावी, एकावर एक रचता यावी, असा त्यांचा संकल्प होता. त्या काळच्या संगणकांना तो पेलला नाही. खोकी एकमेकांत रुतायची, नायिकेचा हात भलतीकडेच वळायचा, चित्र अडखळायचं. समीक्षकांनी झोडपलं, गेम पडला. ब्लॅकली पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि 'एक्सबॉक्स' या यंत्राच्या जन्मदात्यांपैकी एक ठरले. माझ्या मते 'ट्रेसपासर'ची स्वप्नं बरोबर होती. सोळा मिलिसेकंदांचा हिशेब तेवढा चुकला.

दोनच वर्षांनी, २००० साली, डेन्मार्कमधल्या एका कंपनीने 'हिटमॅन' नावाच्या गेममध्ये हाव कमी धरली आणि बाजी मारली. टॉमस याकोबसेन नावाच्या तरुणाने माणसाचं शरीर म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या काठ्या, एवढंच धरलं. वेगाची नोंद ठेवायचीच नाही. बिंदू मघाशी कुठे होता आणि आत्ता कुठे आहे, यावरूनच तो पुढे कुठे जाईल हे काढायचं. काठीची लांबी बिघडली, तर दोन्ही टोकं ओढून ती जागेवर आणायची. ही पद्धतही मूळची गेमची नाही. लू व्हर्ले या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९६७ साली द्रवरूप अरगॉनचे ८६४ अणू कसे वागतात, हे संगणकावर पाहण्यासाठी ती वापरली होती. अरगॉनच्या अणूंसाठीची रीत उचलून गेममधला माणूस जिन्यावरून गडगडला आणि पहिल्यांदाच प्रत्येक जण वेगवेगळ्या तऱ्हेने गडगडू लागला. चिंध्यांच्या बाहुलीसारखा लुळा पडतो, म्हणून या प्रकाराला 'रॅगडॉल' म्हणतात. मला स्वतःला मारामारीचे गेम आवडत नाहीत. पण विज्ञानातली गोष्ट कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

मग आलं 'हॅवॉक'. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात, ट्रिनिटी कॉलेजच्या संगणकशास्त्र विभागाशी संबंधित दोघांनी १९९८ साली ही कंपनी काढली आणि फक्त फिजिक्स इंजिन विकायला सुरुवात केली. तेच इंजिन 'हाफ-लाइफ २' या २००४ सालच्या गेमला बसवलं गेलं. त्यात एका ठिकाणी वाट अडते. समोर एक लांब फळी, मधोमध टेकू, म्हणजे सी-सॉ. बाजूला सिमेंटचे ठोकळे पडलेले. ते उचलून फळीच्या एका टोकावर ठेवायचे, की दुसरं टोक वर राहतं आणि त्यावरून चालत पलीकडे जाता येतं. सातवीच्या पुस्तकातली तरफ! इथे कुणी सूत्र विचारत नाही, गुण देत नाही. पण ठोकळा कुठे ठेवायचा हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तोपर्यंत विज्ञान गेमच्या शोभेला होतं. इथे ते गेमचा प्रश्न झालं. हॅवॉक कंपनी पुढे २००७ साली इंटेलने आणि २०१५ साली मायक्रोसॉफ्टने घेतली. दरम्यान, फक्त भौतिकशास्त्राचं गणित करणारं वेगळं कार्ड संगणकात बसवा, असं म्हणणाऱ्या एका कंपनीचं कार्ड २००६ साली बाजारात आलं आणि दोनच वर्षांत ती कंपनी एनव्हिडियाच्या पोटात गेली.

मोबाइलच्या जमान्यातली गोष्ट आणखी वेगळी. २००९ च्या डिसेंबरात 'अँग्री बर्ड्स' आला आणि बेचकीतून पाखरं उडवण्याचं वेड जगभर पसरलं. त्याच्या पोटात होतं ते मघाशी उल्लेख केलेलं 'बॉक्स-टू-डी'. एरिन कॅटो या प्रोग्रामरने २००६ साली एका परिषदेतल्या आपल्या व्याख्यानासोबत उदाहरण म्हणून ते लिहिलं आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. २०११ साली गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत 'अँग्री बर्ड्स'वाल्यांचं भाषण झाल्यावर श्रोत्यांतून एकाने विचारलं, तुमच्या खेळात कोणतं फिजिक्स इंजिन आहे? उत्तर आलं, बॉक्स-टू-डी. मग त्याचं श्रेय गेममध्ये द्याल का, असं त्याने विचारलं, आणि त्यानंतर सांगितलं, की ते इंजिन लिहिणारा मीच.

आता गेममध्ये मुद्दाम केलेल्या फसवणुकीबद्दल दोन शब्द. खोकी, विटा, चेंडू नियमाने चालतात. नायक मात्र बहुधा चालत नाही. इंजिनाच्या लेखी तो औषधाच्या कॅप्सूलसारखा एक उभा आकार असतो आणि तो घसरू नये, आपटून लोळू नये, याची व्यवस्था केलेली असते. उडी मारल्यावर हवेतच दिशा बदलायचीही त्याला बहुतेक ठिकाणी मुभा असते. खरोखर न्यूटनच्या नियमांनी चालणारा नायक दिला, तर तो पहिल्याच पायरीला अडखळेल आणि खेळणारा फोन बाजूला ठेवेल. करमणुकीत हे चालायचंच. तमाशातल्या राजाला कुणी राजमुद्रा विचारत नाही.

पण याच जातीचं सॉफ्टवेअर गेल्या काही वर्षांत करमणुकीच्या बाहेर पडलं आहे, आणि म्हणून मला हा विषय निवडावासा वाटला. यंत्रमानवाला चालायला किंवा वस्तू धरायला शिकवायचं, तर तो हजारो वेळा पडणार, हजारो वस्तू फोडणार. खरं यंत्र महाग. म्हणून त्याला आधी संगणकातल्या खोट्या जगात शिकवतात. 'मुजोको' नावाचं एक इंजिन यासाठी प्रसिद्ध आहे. डीपमाइंड कंपनीने ते २०२१ साली विकत घेतलं आणि नंतर सगळ्यांसाठी खुलं केलं. आता सेकंदाच्या भागांत सांडलेले ते सेंटिमीटर आठवा. आपण म्हटलं होतं, कुणाच्या डोळ्याला दिसणार? शिकणाऱ्या यंत्राला ते दिसतात.

२०१९ साली ओपनएआय या संस्थेने काही आभासी बाहुल्यांना लपाछपी खेळायला लावलं. कुणी काही शिकवलं नाही. जिंकलात तर गुण, हरलात तर वजा, एवढंच. लाखो डावांनंतर लपणारे खोकी ओढून भिंती उभारू लागले, शोधणारे उतरंड लावून भिंतीवर चढू लागले. इथपर्यंत कौतुक. मग शोधणाऱ्यांनी एक वेगळंच काढलं. खोक्यावर चढायचं, आणि खाली न उतरता त्या खोक्यासकट मैदानभर घसरत फिरायचं! खऱ्या जगात हे होत नाही; आपण बसलो आहोत ती पाटी आपणच उचलून पळता येत नाही. पण त्या खोट्या जगाच्या नियमांत तशी एक फट राहिली होती आणि यंत्राने ती शोधून काढली. लपणाऱ्यांनीही उतरंड भिंतीच्या कोपऱ्यात विशिष्ट तऱ्हेने ढकलून जगाच्या बाहेर फेकून देण्याची युक्ती शोधली. यंत्राला ही लबाडी वाटत नाही, त्याचं तेवढंच जग असतं. अशा जगात शिकलेलं यंत्र उद्या इस्पितळात रुग्णाला आधार देणार असेल, तर त्या जगातलं घर्षण कुणी, किती घाईत ठरवलं होतं, हा प्रश्न आपण विचारायला हवा. मला वाटतं, तो विचारायला आपण पदार्थविज्ञानाचे पदवीधर असण्याची गरज नाही.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला एक तोडगा असा. एकही खोटं जग पूर्ण खरं करता येत नाही ना, मग एकाच जगात शिकवायचंच नाही. ओपनएआयच्याच मंडळींनी २०१८ साली माणसासारखी पाच बोटं असलेल्या एका यांत्रिक हाताला लाकडी ठोकळा बोटांवर फिरवायला शिकवलं, तेव्हा संगणकातल्या प्रत्येक सरावात जग थोडं बदललं. कधी ठोकळा जड, कधी हलका. कधी गुळगुळीत, कधी खरखरीत. बोटांचा जोर कमी-जास्त. अनेक संगणक एकाच वेळी चालवून पन्नास तासांत त्या हाताला सुमारे शंभर वर्षांचा सराव मिळाला. एवढ्या सगळ्या खोट्या जगांत जो निभावतो, तो खऱ्या जगातही निभावेल, असा हिशेब होता. आणि तो हात प्रत्यक्ष जोडला, तेव्हा खरा ठोकळा त्याने फिरवला. माणसं वस्तू धरायला ज्या पकडी वापरतात, त्यातल्या कित्येक पकडी त्याने कुणी न शिकवता वापरल्या. फरक पडला तो एका ठिकाणी. आपण सुई किंवा मणी चिमटीत धरतो ते अंगठा आणि तर्जनीने. तो हात नाजूक पकडीसाठी बऱ्याचदा करंगळी पुढे करायचा. त्या यांत्रिक हाताच्या करंगळीला इतर बोटांपेक्षा एक सांधा जास्त वळवता येतो.